टपाली मते : आवई नको, हिशेब हवा

२० मे २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या पाचव्या टप्प्यात, उत्तर प्रदेशातील झाशी आणि महाराष्ट्रातील मुंबई वायव्य या दोन मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले आणि ४ जून रोजी एकाच दिवशी मतमोजणी झाली. झाशीत भारतीय जनता पक्षाचा उमेदवार एक लाखाहून अधिक मतांच्या फरकाने निवडून आला. टपालाने आलेली सगळी मते एका बाजूला टाकली असती तरी तेथील निकालात काडीचाही फरक पडला नसता. मुंबई वायव्यमध्ये मात्र नेमके उलटे घडले. मतदानयंत्रांतील मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती. म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर चित्र पालटले. टपालातून वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१ मते मिळाली आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. नऊ लाखांहून अधिक मतदारांचा कौल शेवटी तीन हजार लिफाफ्यांनी ठरवला.

या निकालानंतर काय घडले, ते प्रत्येक पक्षसभासदाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. मतमोजणी केंद्रात विजयी उमेदवाराच्या एका नातेवाइकाने मोबाईल वापरल्याबद्दल पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, ही गोष्ट खरी होती आणि गंभीरही होती. परंतु जून महिन्यात मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकाने, त्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीने मतदानयंत्र ‘उघडले’ असे छापले आणि दोन दिवसांत ती बातमी देशभर पसरली. मतदानयंत्राला कोणताही ओटीपी लागत नाही. ओटीपी लागतो तो सैनिकांकडून येणाऱ्या टपाली मतपत्रिकांच्या संगणक प्रणालीसाठी आणि मोजणीचे आकडे भरण्याच्या प्रणालीत प्रवेश करण्यासाठी. त्या दैनिकाला चूक कबूल करून माफी मागावी लागली. पण या गदारोळात खरे प्रश्न मागे पडले. निषिद्ध ठिकाणी मोबाईल गेला कसा? केंद्रातील चित्रीकरण पराभूत उमेदवाराला का दाखवले जात नाही? बाद ठरवलेल्या १११ टपाली मतांची फेरतपासणी कोणत्या निकषांवर झाली? या प्रश्नांची धार बोथट झाली. कीर्तिकर यांची निवडणूक याचिका डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. चुकीच्या आरोपाने सत्ताधाऱ्यांचे नुकसान झाले नाही. उलट त्यांना एक आयती ढाल मिळाली.

टपाली मतांविषयीच्या आरोपांचा विचार आपण येथून सुरू केला पाहिजे.

आरोपांचा इतिहास

मतपत्रिकेविषयीची आवई ही काही आजची गोष्ट नाही. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत जनसंघाचे नेते बलराज मधोक दक्षिण दिल्लीतून पराभूत झाले. तेव्हा त्यांनी असा दावा केला की मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केली होती, मतदाराने उमटवलेली खूण आपोआप पुसली जात होती आणि गाय-वासरू या चिन्हासमोर आधीच अदृश्य शाईने मारलेली खूण उमटत होती. ही शाई सोव्हिएत संघातून आणली होती, अशी पुस्तीही जोडली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मतपत्रिकांच्या मर्यादित तपासणीला वाव मिळाला. आरोप सिद्ध झाला नाही. ‘रशियन शाई’ हे कुभांड त्या काळी कम्युनिस्टविरोधी प्रचाराचाही भाग होते, आणि तेव्हा आपण सर्वांनी एकच मागणी केली होती : पुरावा दाखवा. जी मागणी आपण त्या वेळी दुसऱ्यांकडे केली, ती आज स्वतःकडेही केली पाहिजे.

मार्च २०२२ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेचे निकाल लागले. झाशी जिल्ह्यातील बबिना, झाशी नगर, मऊरानीपूर आणि गरौठा या चारही जागा भाजप आणि त्याच्या मित्रपक्षाने जिंकल्या. त्यानंतर काही दिवसांतच समाजवादी पक्षाचे नेते अखिलेश यादव यांनी जाहीर केले की टपाली मतांपैकी ५१.५ टक्के मते आपल्या आघाडीला मिळाली असून त्या हिशेबाने ३०४ जागा आपल्या होतात. ‘निवडणुकीचे सत्य’ तेच आहे. भाजपविरोधी कार्यकर्त्यांत हा युक्तिवाद झपाट्याने पसरला. कागदावरचे मत खरे, यंत्रातले मत खोटे, असे त्याचे सार होते.

हा युक्तिवाद टिकणारा नाही आणि तो आपण उसना घेता कामा नये. टपालाने मत देणारे लोक म्हणजे सर्व मतदारांचा नमुना नव्हेत. त्यांत निवडणुकीच्या कामावर नेमलेले शिक्षक आणि कर्मचारी असतात, पोलीस असतात, सैन्यदलातील जवान असतात, अतिवृद्ध आणि अपंग मतदार असतात. २०२२ साली समाजवादी पक्षाने जुनी निवृत्तिवेतन योजना पुन्हा लागू करण्याचे आश्वासन दिले होते आणि हा प्रश्न सरकारी कर्मचाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा होता. त्या वर्गाने त्या पक्षाला भरभरून मते दिली, यात नवल नाही. परंतु बुंदेलखंडातील भूमिहीन शेतमजूर आणि कानपूरचा असंघटित कामगार टपालाने मत देत नाही. त्याने कोणाला मत दिले हे शिक्षकाच्या लिफाफ्यावरून ठरवता येत नाही. ५१.५ टक्क्यांच्या त्या आकड्यातून खरा राजकीय धडा निघतो तो असा की ठोस आर्थिक मागणी उचलली तर मध्यमवर्गीय कर्मचारीही सत्ताधाऱ्यांविरुद्ध उभा राहतो. हा धडा सोडून देऊन यंत्राच्या नावाने बोटे मोडत बसणे म्हणजे पराभवाची चिकित्सा टाळणे होय.

परदेशात हाच रोग अधिक विकृत रूपाने दिसला. अमेरिकेत नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत पराभूत झालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी टपाली मतांतील गैरप्रकारांमुळे आपण हरलो असा धोशा लावला. त्यांच्या बाजूने साठाहून अधिक दावे दाखल झाले; निकाल फिरवणारा गैरप्रकार एकाही न्यायालयात सिद्ध झाला नाही. जॉर्जिया राज्यात मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या, तरी निकाल तोच राहिला. एवढ्यावर न थांबता ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांचा जमाव संसद भवनावर चालून गेला. खोट्या आरोपाला पुराव्याची गरज नसते, म्हणून त्याला शेवटही नसतो. आणि त्याचा लाभ शेवटी प्रतिगामी शक्तींनाच होतो.

जेथे आरोप खरा ठरला

मग टपाली मतदानात गैरप्रकार होतच नाहीत काय? तसे म्हणणे हीही दिशाभूल ठरेल. त्याच अमेरिकेत २०१८ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील नवव्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवारासाठी काम करणाऱ्यांनी लोकांच्या घरून टपाली मतपत्रिका बेकायदा गोळा केल्याचे साक्षीपुराव्यांनी उघड झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्याच्या निवडणूक मंडळाने नव्याने निवडणूक घेण्याचा आदेश दिला. तेथे आरोळ्यांनी काही झाले नाही. साक्षीदार, तारखा आणि लिफाफ्यांचा हिशेब यांनी ते झाले.

आपल्याकडे गुजरातमधील धोळका येथे २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपचे भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी विजयी घोषित झाले. बाद ठरवलेल्या टपाली मतांची संख्या होती ४२९. पराभूत काँग्रेस उमेदवाराने याचिका केली, मोजणीच्या नोंदी आणि चित्रीकरण न्यायालयासमोर आले, आणि १२ मे २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि ते कायदामंत्री आपल्या पदावर राहिले. न्याय मिळाला असे म्हणता येत नाही. पण आरोप कसा उभा करावा याचा वस्तुपाठ मात्र मिळाला. तसाच वस्तुपाठ ३० जानेवारी २०२४ च्या चंदीगड महापौर निवडणुकीने दिला. पीठासीन अधिकाऱ्याने कॅमेऱ्यासमोर ८ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद केल्या आणि २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेथे यंत्र नव्हते, कागदच होता. कागद आपोआप पवित्र होत नाही. त्याच्यावर जागता पहारा लागतो.

आणि आपल्या अंगणातील गोष्टही सांगितली पाहिजे. २०२१ साली केरळमधील पेरिन्तलमण्णा मतदारसंघात डाव्या लोकशाही आघाडीचा पाठिंबा असलेला उमेदवार ३८ मतांनी पराभूत झाला. ३४८ टपाली मते जाहीरनाम्यावरील त्रुटींच्या कारणाने बाजूला ठेवली गेली होती. प्रकरण न्यायालयात असताना जानेवारी २०२३ मध्ये टपाली मतपत्रिकांची एक पेटी कोषागारातून नाहीशी झाल्याचे आढळले आणि ती मलप्पुरम येथील सहकार खात्याच्या कार्यालयात सापडली. ऑगस्ट २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. त्या काळात राज्यात सरकार आपल्या आघाडीचे होते. पेटी कोणाच्या हलगर्जीने हलली, हा प्रश्न आपल्या प्रतिस्पर्ध्याने विचारला तेव्हा तो रास्त होता. तोच प्रश्न आपणही तितक्याच जोराने विचारायला हवा होता.

याहून अवघड प्रसंग मे २०२५ मधला. केरळमधील ज्येष्ठ नेते आणि माजी मंत्री जी. सुधाकरन यांनी आलप्पुळा येथे कर्मचारी संघटनेच्या एका कार्यक्रमात सांगितले की १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत कर्मचाऱ्यांच्या टपाली मतपत्रिका पक्ष कार्यालयात उघडून पाहिल्या गेल्या होत्या आणि सुमारे १५ टक्के मते आपल्या उमेदवाराविरुद्ध पडलेली दिसली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे बोलणे अतिशयोक्तीचे होते असे सांगून ते मागे घेतले. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. तो पक्षाचा उमेदवार त्या निवडणुकीत पराभूतच झाला होता, हे खरे. पण ते उत्तर पुरेसे नाही. सांगितले ते घडले असेल, तर ज्या कामगाराच्या मताचे रक्षण करण्यासाठी आपण लढतो त्याच्याच मताची गुप्तता भंगली. घडले नसेल, तर स्वतःवरच खोटा आरोप ओढवून घेण्याइतके बेजबाबदार बोलणे झाले. दोन्ही शक्यता आपल्याला लाजिरवाण्या आहेत. शत्रूच्या बाबतीत पुरावा मागायचा आणि स्वतःच्या बाबतीत विषय बदलायचा, ही कम्युनिस्ट पद्धत नव्हे.

खरी दुर्बलता कोठे आहे

या सर्व प्रकरणांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. मतदान केंद्रात मतदार पडद्याआड एकटा असतो. टपाली मत मात्र पडद्याबाहेर पडते : बराकीत, कचेरीत, घरातल्या खाटेवर. तेथे वरिष्ठाची नजर, घरच्या कर्त्याचा दबाव आणि संघटनेच्या पुढाऱ्याचा ‘मदतीचा’ हात पोचू शकतो. झाशी आणि बबिना येथील छावण्यांत देशाच्या कानाकोपऱ्यातील जवान आहेत. त्यांतील सातारचा जवान मत देतो ते बहुधा साताऱ्याच्या खात्यात जमा होते. झाशीच्या निकालाशी त्याचा संबंध नसतो. ते मत त्याने निर्भयपणे आणि एकांतात दिले की नाही, हे साताऱ्यातील मोजणी प्रतिनिधीला कधीच कळत नाही. त्याला दिसतो तो फक्त लिफाफा.

म्हणूनच टपाली मतदानाचा विस्तार सावधपणे व्हावा, अशी आपली भूमिका राहिली. जून २०२० मध्ये साथीचे कारण देऊन ६५ वर्षांवरील सर्वांना टपाली मतदानाची मुभा देणारी दुरुस्ती सरकारने केली, तेव्हा आपल्या पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस दिवंगत कॉम्रेड सीताराम येचुरी यांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहून, राजकीय पक्षांशी सल्लामसलत न करता असा बदल करण्यास हरकत घेतली. इतरही पक्षांनी विरोध केला. जुलैमध्ये आयोगाने ती मुभा बिहारच्या निवडणुकीत लागू न करण्याचे ठरवले, आणि मार्च २०२४ मध्ये वयाची अट ८५ वर्षे करण्यात आली. २०२३ च्या दुरुस्तीने निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांनी मतपत्रिका घरी न नेता सुविधा केंद्रातच मत द्यावे असे ठरले. १९८९ च्या कथित प्रकारासारख्या गोष्टींची वाट त्यामुळे बरीचशी बंद झाली.

मोजणीच्या क्रमाचा लढाही असाच जिंकला गेला. नियमाप्रमाणे टपाली मते आधी हाती घेतली जातात. मे २०१९ मध्ये आयोगाने आपल्या सूचना बदलल्या, आणि टपाली मोजणी पूर्ण होण्याची वाट न पाहता यंत्रांच्या शेवटच्या फेऱ्या संपवता येऊ लागल्या. निकाल घासून लागत असताना शेवटी टपालाचे गठ्ठे बाहेर काढले की संशयाला जागा मिळणारच. २ जून २०२४ रोजी इंडिया आघाडीच्या शिष्टमंडळाने आयोगाकडे हा प्रश्न नेला. तेव्हा दाद मिळाली नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगानेच नवी सूचना काढली की टपाली मोजणी पूर्ण झाल्याखेरीज यंत्रांच्या मोजणीची उपांत्य फेरी सुरू करू नये. मागणी नेमकी होती, नियमावर आधारलेली होती, म्हणून ती उडवून लावता आली नाही. ‘सगळीच निवडणूक खोटी’ ही घोषणा एका दिवसात विरून जाते. ‘अमुक नियमातील अमुक सूचना बदला’ ही मागणी मात्र सत्तेला पुन्हा पुन्हा टोचत राहते.

याचा अर्थ आयोगाला निर्दोष ठरवणे असा मुळीच नव्हे. पुरावा आणा म्हणायचे आणि पुराव्याच्या कपाटाला कुलूप लावायचे, असा दुटप्पी व्यवहार चालू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने निवडणूक नियमांतील ९३ वा नियम बदलून मतदान केंद्रांच्या चित्रीकरणासारख्या नोंदी सामान्य नागरिकाला पाहता येणार नाहीत अशी तजवीज केली. मे २०२५ मध्ये, याचिका दाखल नसेल तर हे चित्रीकरण ४५ दिवसांनंतर नष्ट करावे, अशी सूचना आयोगाने दिली. धोळक्याचा आणि चंदीगडचा गैरप्रकार चित्रीकरणामुळेच सिद्ध होऊ शकला, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलांचा हेतू वेगळा सांगावा लागत नाही. जेथे पुरावा दडवला जातो तेथे अफवा माजतात. अफवांबद्दल जनतेला दोष देण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी दप्तर उघडावे.

पक्षापुढील कामे

प्रत्येक जिल्हा समितीने पुढील गोष्टी अंगवळणी पाडून घेतल्या पाहिजेत. मोजणी प्रतिनिधी म्हणून घोषणा देणाऱ्याची नव्हे, नियम जाणणाऱ्याची नेमणूक करावी. टपाली मतपत्रिका किती पाठवल्या आणि किती परत आल्या याची आकडेवारी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून वेळोवेळी लेखी मागावी. मोजणीला आरंभ होण्याच्या वेळेनंतर आलेला लिफाफा उघडला जात नाही ना, यावर नजर ठेवावी. कागदी मतपत्रिकेच्या बाबतीत आधी बाहेरचा लिफाफा उघडला जातो, मग जाहीरनामा तपासला जातो. त्यावर सही आणि साक्षांकन नसेल तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद होते. असे बाद झालेले प्रत्येक मत आणि त्याचे कारण आपल्या वहीत टिपून घ्यावे. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर होण्यापूर्वी त्या सर्व मतांची फेरतपासणी करणे आयोगाच्या सूचनेनुसार बंधनकारक आहे. ही मागणी त्याच क्षणी लेखी करावी. उमेदवार निवडून आल्याचे प्रमाणपत्र दिले गेल्यावर रस्त्यावर कितीही ओरडले तरी दाद फक्त याचिकेने मागता येते. आणि ज्या आरोपाचा कागद हातात नाही, तो पक्षाच्या नावाने कोणीही करू नये.

शेवटी, या वादात जो प्रश्न कोणीच विचारत नाही तो विचारणे हे आपले विशेष कर्तव्य आहे. सैनिकाला टपाली मत आहे, परदेशातील सरकारी अधिकाऱ्याला आहे, अत्यावश्यक सेवेतील काही कर्मचाऱ्यांना आहे. बुंदेलखंडातून दिल्लीला, सुरतेला, मुंबईला पोट भरण्यासाठी जाणाऱ्या मजुराला ते नाही. झाशीच्या स्थानकावरून गाडीत चढताना तो आपला मताधिकार फलाटावरच ठेवून जातो. २०११ च्या जनगणनेत देशांतर्गत स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींच्या घरात होती. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव मांडला. त्यातील अनुत्तरित शंकांमुळे जानेवारी २०२३ मध्ये अनेक विरोधी पक्षांनी त्याला हरकत घेतली. ती हरकत योग्य होती, पण हरकत घेतल्याने मजुराला मत मिळाले नाही. लिफाफ्यातील मत चोरीला गेले की नाही यावर वर्षानुवर्षे वाद चालतो; जे मत लिफाफ्यापर्यंत पोचलेच नाही त्याच्यासाठी याचिका नाही आणि फेरमोजणीही नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १३५ ब हे कलम मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देण्याचे बंधन मालकावर घालते आणि रोजंदारीवरील कामगारही त्यात येतो. किती बांधकामांच्या ठिकाणी आणि किती यंत्रमागांवर त्याची अंमलबजावणी होते, याचा शोध कामगार संघटनांनी घ्यावा. पुढच्या निवडणुकीपूर्वी प्रत्येक औद्योगिक वस्तीत स्थलांतरित मजुरांची यादी करणे, त्यांची सुटी आणि त्यांचा गावी जाण्याचा प्रवास यांसाठी मालकांशी लढणे, आणि त्यांचे नाव मतदारयादीत कोठेतरी एका ठिकाणी पक्के आहे याची खात्री करून घेणे, हे काम कोणत्याही आवईपेक्षा सत्ताधाऱ्यांना अधिक जड जाईल. ते आजच हाती घेतले पाहिजे.